दोन सेंटीमीटर

डॉक्टरबाईंनी खिशातून टेप काढली तेव्हा मला हसू आलं. अशीच टेप गळ्यात घालून मी वर्षानुवर्षं गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवतेय. त्यांनी ती माझ्या लेकीच्या पोटावर धरली आणि म्हणाल्या, "तीस."

माझं हसू तिथंच थांबलं. आठव्या महिन्यात जितके आठवडे, साधारण तितके सेंटीमीटर भरावेत, हे मागच्या तपासणीला कळलं होतं. आठवडे होते बत्तीस.

"रविवारी मी घरी मोजलं, तेव्हा बत्तीस भरलं होतं," मी म्हटलं.

"आई, तुझ्या टेपचं टोक तुटलंय. ती दोनपासून सुरू होते," लेक आडवी पडूनच म्हणाली.

ब्लाउज बेतताना ते दोन वजा करायला मी कधी विसरत नाही. इथे मात्र हवा तो आकडा दिसला आणि मी टेप गुंडाळून ठेवली.

मग सोनोग्राफीत बाळाचं डोकं, पोट, मांडीचं हाड, सगळं मोजून झालं. "लहान आहे. वाढतंय का, ते दोन आठवड्यांनी पुन्हा मोजल्यावर कळेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

शिवणाऱ्या बाईचं एका मापात भागतं. आईला दोन मापांमधले दिवस काढावे लागतात.

घरी येऊन कपाटाच्या तळातलं झबलं काढलं. जन्माआधी नवं शिवू नये म्हणतात, तरी रविवारी हरखून, त्याच टेपने मापून, मी ते चोरून शिवलं होतं. पट्टी लावली, तर दोन सेंटीमीटर तोकडं. आपण शिवलेलं कुणाच्या अंगात बसू नये, असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.