शेवंतीच्या पायांवर

मसुऱ्यात ज्यांची नाकं सरळ आहेत ती शेवंतीमुळे, आणि वाकडी आहेत ती आईबापांमुळे, असं शेवंतीचं ठाम मत. तीस वर्षं तिने गावातली बाळं न्हाऊ घातली. पाटावर पाय लांब करायचे, बाळ पायांवर उताणं घ्यायचं, खोबरेल चोळून नाक-हनवटी घडवायची. पोलीसपाटलाचं नाकही तिच्याच हातचं. तो दरडावायला लागला की ती त्याच्या नाकाकडेच बघायची.

मग तिला नात झाली, ओवी. हनवटी जवळजवळ नव्हतीच. जबडा इतका आखूड की जीभ मागे पडून श्वास अडायचा. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बजावलं, पालथीच ठेवा. तेल नको, मालीश नको. मुलगा गोव्यात नोकरीला, घरात शेवंती आणि सून आकांक्षा. सून ओवीला छातीशी धरून खोलीत, सासू पडवीत, हात मांडीवर ठेवून. न्हाऊ घालायला बोलावणंही हल्ली येत नसे. घरोघरी प्लास्टिकचे टब आले होते.

बुधवारी दुपारी आकांक्षाचा डोळा लागला. शेवंतीने ओवीला अलगद उचललं, पायांवर उताणं घेतलं आणि तेलाच्या बोटाने हनवटी पुढे ओढू लागली. एवढ्या हनवट्या घडवल्या, ही कितीशी!

ओवी निळी पडली. आवाजसुद्धा नाही. शेवंतीने तिला पालथी केली, तेव्हा कुठे श्वास आला. आकांक्षा उठली नव्हती.

सोमवारी कोल्हापूरला तपासणी होती. एका टेबलाभोवती जबड्याचे सर्जन, कान-नाक-घशाच्या डॉक्टर, श्वासाचं यंत्र बघणारे आणि दूध पाजायला शिकवणारी नम्रताताई.

"एका चेडवाक चार माणसां!" शेवंती नातीकडे बघत पुटपुटली. "आमच्या गावाक एक डॉक्टर मिळना नाय."

"घरी कधी निळी पडली का?" सर्जननी विचारलं.

"नाही. एकदाही नाही," आकांक्षा म्हणाली.

"छान. मग ऑपरेशनची घाई नको. घरी न्या."

बोललं तर नात पुन्हा हाती लागणार नाही, हे शेवंतीला पक्कं ठाऊक होतं.

"निळां पडलां होतां," ती म्हणाली. "बुधवारी. माझ्या पायांर. मीच उताणां घेतलंय."

आकांक्षाने वळून पाहिलं.

"किती वेळ?" सर्जननी विचारलं.

"माझे तीन श्वास."

चौघं आपसात हळू बोलले. ओवीला ठेवून घ्यायचं ठरलं. रात्रभर यंत्र लावून श्वास बघायचा, मग जबडा पुढे आणायचं ऑपरेशन करायचं की नाही, ते चौघांनी मिळून ठरवायचं.

"पालथी केलीत म्हणून वाचली, आजी," नम्रताताई म्हणाली. तोवर आकांक्षा बाळाला घेऊन बाहेर गेली होती.

व्हरांड्यात ती एवढंच म्हणाली, "आये, तुमी घराक जावा."

शेवंती कणकवलीला गाडी बदलून एकटीच घरी आली. सकाळी सवयीने चूल पेटवली, न्हाणीत पाट मांडला. पाणी कढत झालं. कोपराने बघितलं, थंड पाणी घालून बाळाला सोसेल असं बेताचं केलं. मग तांब्या तांब्या करून सगळं माडाच्या मुळात ओतलं.