कोरड्या दोरीच्या रेघा

माझी शाळा दुसरीत सुटली, पण मापात मला आजवर कुणी फसवलेलं नाही.

अमावास्येला आमच्याकडे बैल जुंपत नाहीत. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तरी मी तो दिवस पाळतो. हात रिकामे असतात, म्हणून दगड बांधलेली दोरी विहिरीत सोडतो आणि काठापासून पाण्यापर्यंत किती हात लागली ते बघतो. दर हात दोरीला एक बोट उंची, या मापानं मोटारीच्या खोलीत भिंतीवर कोळशाची उभी रेघ ओढतो. दिवाळीच्या अमावास्येला नवी ओळ.

विहीर माझी आणि चुलतभावाची, सामाईक. त्यानं बांधाजवळ बोअर मारली आणि पाणी खाली गेलं, असं मी गावभर सांगत होतो. तो म्हणायचा, पाऊसच कमी झाला. यंदा मी ठरवलं, पुरावा दाखवायचा आणि चारचौघांत त्याला बोअर बंद करायला लावायची.

सून नाशिक रोडला शाळेत गणित शिकवते. तिनं भिंतीवरच्या रेघा चौकटीच्या कागदावर ओळीनं मांडल्या. मी कागद घेऊन पारावर गेलो. भावानं तो नीट बघितला.

“दादा, हे तर वर चढत चाललंय. पाणी वाढतंय, अन् तू कशाला रडतो?”

सगळे हसले. मी घरी येऊन सुनेवर चिडलो.

“आबा, तुम्ही कोरडी दोरी मोजता,” ती म्हणाली. “दोरी वाढली म्हणजे पाणी घटलं. तुम्ही मोजलंय तेच मी काढलंय.”

खरं होतं. पण विहिरीत कुणी खालून वर बघतं का? मी कागद उलटा धरला, तर जुनी वर्षं उजवीकडे गेली.

“नवा काढ. वर काठ, अन् रेघा खाली लोंबू दे, दोरीसारख्या.”

ती म्हणाली, “हे मला सुचलं नव्हतं, आबा.” मला बरं वाटलं.

नवा कागद आला आणि मला त्याचा नाद लागला. भिंतीवर वर्षं सुटी सुटी होती, इथं सलग दिसत होती. श्रावणात दोऱ्या आखूड, वैशाखात लांब. सुनेनं बोअरच्या महिन्यावर काळा ठिपका दिला. मी बोट ठेवून मागं मागं गेलो, आणि बोट अडलं. दोऱ्या ठिपक्याच्या आधीच्याच हिवाळ्यात लांबल्या होत्या. बोअरनंतरही वाढल्या, पण थोड्या.

“पाऊस कमी असेल त्या साली,” सून म्हणाली.

“नाय. श्रावणातली दोरी बघ, नेहमीइतकीच आखूड हाय. विहीर भरली होती. मग दिवाळीनंतर कुणी उपसली?”

विचारलं मी, आणि उत्तरही मलाच ठाऊक होतं. त्याच दिवाळीला मी पावसावरच्या बाजरीचं रान मोडून बारमाही पाणी पिणारा गुलाब लावला होता.

सून कागद गुंडाळायला लागली. “राहू द्या, आबा. नका दाखवू.”

कोळशाची रेघ मीच ओढलेली. ती लपवली तर इतक्या अमावास्या कशाला मोजत बसलो? मी गुलाबाच्या जागी लाल ठिपका द्यायला लावला आणि कागद मोटारीच्या खोलीच्या दारावर चिकटवला.

भाऊ त्याच्या पाळीला पाणी धरायला आला. बराच वेळ कागदासमोर उभा राहिला.

“हा लाल कसला?”

“माझा गुलाब.”

“अन् काळा?”

“तुझी बोअर. पण लाल आधी हाय.”

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. मी माफी मागितली नाही, ते मला जमत नाही. फक्त सांगितलं, बोअर राहू दे, मी निम्मा गुलाब काढतो.

पुढच्या अमावास्येला तो आपणहून आला. दोरी ओढून बघितली.

“दादा, ही जुनी दोरी पावसात ओली झाली की आखडते. तुझं माप चुकतंय.”

हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आम्ही दोघांनी ती ओली आणि कोरडी, दोन्ही करून मोजायला घेतली.