तांदळाच्या डब्यातली हार्ड डिस्क

काय सांगू बायांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे माझी इतकी फजिती आहे की तुम्हाला मध्येच चहाचा ठसका लागेल.

आमचे हे येरवड्याला एका आयटी कंपनीत आहेत. कंप्युटरवर नाही हो, स्टोअरमध्ये! खुर्च्या, बल्ब, पाण्याचे जार सांभाळतात. पण तिकडे अमरावतीकडे सासूबाई गावभर सांगतात, "माहा पोरगा कंप्युटरात हाये."

आमच्या रिद्धीच्या बारशाला सासूबाईंना येता आलं नाही. पाय मोडून खाटेवर पडल्या होत्या. पहिली नात, आणि पाळण्यापाशी आजी नाही! फोनवर रडल्या बिचाऱ्या. तेव्हा ह्यांनी शब्द दिला, "आई, वाढदिवसाला ये, अख्खं बारसं टीव्हीवर दाखवतो."

ते बारसं होतं एका काळ्या डबीत. हार्ड डिस्क! माझा फोन भरला की हे सगळं त्या डबीत टाकायचे आणि फोन मोकळा करायचे. म्हणजे बारसं साऱ्या जगात फक्त त्या डबीत.

आणि सासूबाई यायच्या आदल्या आठवड्यात काय व्हावं? रिद्धीने नाचणीचं सत्त्व त्या डबीवर ओतलं. अख्खी वाटी!

ह्यांना फोन करायची हिंमत नाही. मग आठवलं, शेजारणीचा फोन बादलीत पडला होता, तो तिने तांदळात ठेवून वाचवला होता. झालं! डबी पुसली आणि दिली खुपसून तांदळाच्या डब्यात. येता-जाता झाकण उघडून बघत होते, जशी काही रिद्धीच तापाने पडली आहे.

दोन दिवसांनी टीव्हीला लावली. टक... टक... टक. नुसता आवाज. टीव्ही कोरा!

रिद्धीला काखोटीला मारलं, डबी तिच्याच टोपड्यात गुंडाळली आणि विश्रांतवाडीत कंप्युटर दुरुस्तीचं दुकान गाठलं. दुकानदार चष्मेवाले, वयस्कर. त्यांनी टोपडं सोडलं, डबी उलटी करून हलवली. टपटप तांदूळ पडले.

"बाई, ही दुरुस्तीला आणलीय की दळणाला?"

"अहो काका, ती ओली झाली होती."

"पाण्याने?"

"नाही, नाचणीने."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "साखर घातली होती की गूळ?"

मी घाबरून खरं सांगितलं, "गूळ."

"वा! म्हणजे मुंग्यांचीही सोय झाली."

"काका, त्यात हिचं बारसं आहे हो," म्हणताना मला रडूच फुटलं. मला बघून रिद्धीनेही भोकाड पसरलं. तसे ते जरा नरमले. "रडू नका. आतलं निघेल असं वाटतंय. बारसं तेवढं काढायचं की सगळं?"

आता इथे बघा, माझी अक्कल कुठे गेली. मी विचारलं, "सगळ्याचे पैसे जास्त पडतात का?"

"नाही. तेवढेच."

तेवढेच! अहो, भाजीवाल्याकडून वर कोथिंबीर घेतल्याशिवाय न हलणारी बाई मी! म्हटलं, "मग सगळंच काढा. आत काही म्हणता काही ठेवू नका!"

"आधी कधी पुसून टाकलेलं असतं, तेही वर येतं बरं का."

"येऊ द्या की! जेवढं येईल तेवढं!"

"नंतर तक्रार ऐकून घेणार नाही."

"तक्रार कसली काका, उपकार होतील!"

त्यांनी खरंच सगळं काढून नव्या डबीत भरून दिलं. नावं गेली होती, नुसते आकडे राहिले होते. पण दुकानातच बारसं सुरू करून दाखवलं आणि मी हात जोडले. पुढचं कशाला बघत बसते?

वाढदिवसाला केक झाला, शेजारीपाजारी बसले, सासूबाई टीव्हीसमोर. बारसं सुरू झालं. त्या पदराने डोळे पुसत होत्या. "माही पोट्टी किती इवलीशी व्हती वो!" मलाही भरून आलं. वाटलं, जिंकले!

बारसं संपलं आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला.

टीव्हीवर मी! नाकाच्या शेंड्यावर चष्मा, कमरेला पदर खोचलेला, हातात झारा. "आमच्या टायमाले असं नव्हतं, बाप्पा! पोट्टीले तेल लावत नाई काय? कशी सुकली पाहा!"

अहो, बाळंतपणात सासूबाईंचे सल्ल्यांचे फोन यायचे ना, तेव्हा माझ्या बहिणीला हसवायला केला होता तो. ह्यांनी तोही डबीत टाकला, तेव्हा मी तो डबीतून माझ्या बोटाने पुसला होता. मला वाटलं, पाटीवरचं पुसलं की गेलं!

मी रिमोट शोधते तर तो रिद्धीच्या तोंडात. हे पंख्याकडे बघतायत. शेजारीण केकच्या ताटलीत तोंड घालून बसलेली.

"पुन्हा लाव," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ते काय झालं..."

"लाव म्हणतो ना!"

रिमोट रिद्धीकडून ओढून घेतला आणि लावला. त्यांनी शेवटपर्यंत बघितला. चेहरा दगड. मग म्हणाल्या, "झारा मी डाव्या हातात धरतो."

आणि अशा हसल्या, अशा हसल्या की खुर्ची हलायला लागली! माझा जीव भांड्यात पडला, आणि त्या भरात मी सगळं बरळले. नाचणी, तांदूळ, टोपडं, कोथिंबीर, सगळं.

तिथेच चुकले! सासूबाई उठल्या. रिद्धीने पुन्हा तोंडात घातलेला रिमोट काढला, टोपड्यात गुंडाळला, कडेवर घेतला आणि माझा रडका आवाज काढून म्हणाल्या, "अहो काका, वाचेल ना हो माझी डबी? गूळच घातला होता हो!"

घर डोक्यावर घेतलं लोकांनी. आणि आमच्या ह्यांनी काय करावं? व्हिडिओ काढला!

दुसऱ्या दिवशी मी तो गुपचूप पुसून टाकला.

गावी जायच्या दिवशी सासूबाई रिक्षात बसल्या. मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "पुसला ना तो व्हिडिओ? पुस, पुस. त्या दुकानवाल्याचा पत्ता घेऊन ठेवला मी."