दम न लागणारी क्लॅरिनेट

पलटणीच्या बँडमध्ये मी उभी नोकरी क्लॅरिनेट वाजवली. पेन्शनीत निघालो तेव्हा सोबत्यांनी घड्याळं, सुटकेसा घेतल्या. मी स्वतःची एक क्लॅरिनेट घेऊन कोरेगावला आलो. रोज सकाळी चहाच्या आधी थोडा वेळ वाजवायचो. बँडमध्ये हुकमाचं वाजवायचं असतं, घरी माझं मी रचलेलं वाजवायचो. त्यातली एक संथ धून बायकोच्या एवढी कानात बसली होती, की भाकरी थापताना तिचा हात त्याच लयीत पडायचा.

मग वरच्या दातांनी दगा दिला. एकेक हलायला लागला आणि शेवटी सांगलीच्या दातांच्या डॉक्टरांनी समोरचे सगळेच काढून कवळी बसवली. जेवायला कवळी चांगली होती. पण क्लॅरिनेट धरताना वरचे दात तिच्या तोंडाशी घट्ट टेकवावे लागतात, आणि तिथं जोर दिला की कवळी सुटायची. सुराऐवजी नुसती हवा निघायची, नाहीतर मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज. महिनाभर झगडलो. मग तिच्या तोंडाची वेताची पत्ती सोडवली, पुसली, आणि पेटी कपाटावर ठेवून दिली.

मुलगी सांगलीत नांदते. तिला माझं गप्प बसणं बघवेना. तिनं तिचा जुना टॅब्लेट आणून दिला. यात सगळी वाद्यं असतात, अ‍ॅप घ्यायचं आणि बोट लावायचं, एवढं सांगून ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. कुठलं अ‍ॅप, ते सांगायचं राहूनच गेलं.

मी शोधायला बसलो तर अ‍ॅपचा बाजारच भरलेला. प्रत्येकाखाली चांदण्या, प्रत्येकाखाली लोकांची मतं. एक म्हणतो याच्यासारखं दुसरं नाही, त्याच्याच खाली दुसरा म्हणतो घेऊ नका, फसाल. चार-पाच घेऊन टाकली. पहिल्या अ‍ॅपनं विचारलं, तुम्हाला कुठल्या प्रकारचं संगीत करायचं आहे? पुढं यादी होती आणि तिच्यातलं एकही नाव मला कळेना. मी डोळे मिटून एकावर बोट ठेवलं. रंगीत चौकोन आले. कुठल्याही चौकोनाला हात लावला की ठोका सुरू व्हायचा, दुसऱ्याला लावला की त्यात काहीतरी मिसळायचं, आणि ते सगळं एकमेकांशी जुळायचं. मी मुद्दाम वेडेवाकडे चौकोन दाबले, तरी जुळलं. बँडमध्ये एक सूर चुकला तर मास्तर सगळ्यांदेखत उभं करायचे. इथं चुकायची सोयच नव्हती. मग मी नेमकं काय करत होतो, ते मला समजेना.

दुसऱ्या अ‍ॅपमध्ये पियानोच्या पट्ट्या होत्या, पण माझी बोटं जाड. एकीवर टेकवलं की शेजारची वाजायची. तिसऱ्यानं माइक वापरायची परवानगी मागितली. मी हो म्हटलं. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आवं, च्या निवाय लागला." टॅब्लेटनं ते पकडलं आणि तेच पुन्हा पुन्हा म्हणायला लागला. बंद कसं करायचं ते सापडेना. बायको बाहेर येऊन उभी राहिली आणि स्वतःचा आवाज ऐकत राहिली. मी तिची चेष्टा करतोय असं तिला वाटलं. त्या दिवशी मला खरोखरच गार चहा मिळाला.

शेवटच्या अ‍ॅपमध्ये पाच रेघा होत्या. बँडच्या कागदावर असतात तशाच, त्यांच्यावर सुरांचे ठिपके मांडायचे. ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसं झालं. वाद्यांच्या यादीत क्लॅरिनेटही होती. मी दोन-तीन दिवस खपून माझी ती संथ धून ठिपक्या-ठिपक्यानं मांडली आणि बायकोला ऐकवली.

ती ऐकून म्हणाली, "तुमचंच हाय, पण वर चढलंय. दुसरंच कोणतरी वाजवतंय."

मी पुन्हा तपासलं. एकही ठिपका चुकला नव्हता. मग ध्यानात आलं, की आमची क्लॅरिनेट कागदावर लिहिलेल्यापेक्षा एक पायरी खालीच बोलते. ती तशी घडवलेलीच असते. बँडमध्ये तिचा कागद वेगळा लिहून यायचा, त्यामुळं आम्हाला त्याचा विचार करावा लागत नसे. हे अ‍ॅप मात्र लिहिलं तेच वाजवत होतं. म्हणजे मी बरोबर लिहिलं होतं, त्यानं बरोबर वाजवलं होतं, आणि ऐकायला चूक येत होतं. बोट दाखवायचं कुणाकडं? सगळे ठिपके एकेक करून खाली आणले. तेव्हा कुठं बायकोनं मान हलवली, पण अर्धीच.

माझा एक सोबती आहे. बँडमध्ये तो ड्रमवर होता. मूळचा खानापूरकडचा, आता सांगलीत मुलाकडं असतो. त्याला मी ती धून फोनवर पाठवली. त्याच्या फोनात ती उघडेना. त्यानं ते अ‍ॅप शोधलं तर त्याच्या फोनाला ते मिळतच नव्हतं. त्याच्याकडं ठेक्याचं वेगळंच अ‍ॅप होतं आणि त्यानं त्याच्यातून पाठवलेलं माझ्याकडं उघडेना. एका पलटणीतले आम्ही दोघं, एकाच दिवशी भरती झालेलो, आणि आमची यंत्रं एकमेकांना ओळख द्यायला तयार नव्हती.

मग त्यानंच तोड काढली. चेहरा दिसतो तसला व्हिडिओचा फोन लावायचा, मी टॅब्लेटवर धून सोडायची आणि त्यानं तिकडं ड्रम वाजवायचा. आम्ही तसं केलं. त्याचा ठोका माझ्या सुराच्या मागून यायला लागला. मी म्हटलं, तू मागं पडतोयस. तो म्हणाला, तूच पुढं पळतोयस. मी म्हटलं, माझी धून यंत्र वाजवतंय, ते पळेल कसं? त्याला ते लागलं. त्यानं जन्मभर सगळ्या बँडला पाऊल दिलं होतं आणि मी त्याला यंत्राच्या समोर उभं करून खोटं पाडत होतो. त्यानं फोन ठेवून दिला. आवाज इथून तिथं पोचायला वेळ लागतो, त्यामुळं दोघांनाही आपलंच खरं वाटतं, हे मुलीनं पुढं सांगितलं. तोवर पंधरवडा अबोल्यात गेला होता.

कवळी घासून घ्यायला सांगलीला जायचं होतं. एसटीतून उतरलो तो दवाखान्यात न जाता आधी त्याच्या घरी गेलो. त्यानं दार उघडलं, टॅब्लेटच्या पिशवीकडं बघितलं आणि आत ये म्हणाला. सुनेनं पोहे दिले. खाऊन झाल्यावर मी धून लावली. त्यानं सरावाच्या रबरी पाटीवर ड्रमच्या काड्या धरल्या, पण ठोका दिलाच नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता ऐकत राहिला.

"गड्या," तो म्हणाला, "ह्यात तू श्वास कुटं घेतोस?"

क्लॅरिनेटला आता माझा दम लागत नव्हता, म्हणून मी सूर एकाला एक चिकटवून मांडले होते. कुठंही थांबणं नव्हतं. मी तोंडानं वाजवत असताना कुठं थांबायचो, ते मला आठवेना. बोटांना विचारलं, बोटांनाही ठाऊक नव्हतं. त्याला मात्र ठाऊक होतं. कितीतरी वर्षं तो माझ्या मागं उभा होता, माझे खांदे वर झाले की पुढचा सूर येणार हे त्याला दिसायचं. तो काडीनं दाखवत गेला, इथं, मग इथं, आणि इथं अर्धाच. मी तिथं तिथं मोकळी जागा सोडत गेलो. मग तो माझ्या शेजारी बसून वाजवायला लागला. यंत्र घड्याळासारखं चाललं होतं, तो कधी थोडा मागं, कधी थोडा पुढं. कोण कुणाला सांभाळत होतं ते मी सांगू शकणार नाही. सुनेनं तिच्या फोनवर ते सगळं टिपून घेतलं. कुठल्या अ‍ॅपमध्ये, ते मी विचारलं नाही. आणखी एका नावाला डोक्यात जागा नव्हती.

त्या गडबडीत दवाखाना बंद झाला. कवळी तशीच घेऊन परत आलो.

पुढं त्याच्या नातीच्या बारशाला आम्ही दोघं नवराबायको गेलो. मांडवात स्पीकर होता आणि सोबत्यानं सुनेनं टिपलेलं आमचंच वाजवणं लावलं होतं. बायका पाळण्याभोवती, माणसं जेवणाच्या पंगतीत. कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. मी पुरणपोळी खात स्वतःची धून ऐकत होतो आणि मला धड आनंदही होत नव्हता, धड वाईटही वाटत नव्हतं. ठोका सोबत्याचा होता, यात शंका नाही. थांबण्याच्या जागा माझ्या, त्यानं सांगितलेल्या. पण सूर कुणाचा? बायकोला हळूच विचारलं, तुला कसं वाटतंय. ती म्हणाली, "मागच्यापेक्षा तुमचं वाटतंय." मागचं म्हणजे घरी ऐकवलेलं, नुसत्या ठिपक्यांचं.

पंगत उठल्यावर त्याचे एक व्याही, जत भागातले, विचारायला लागले की ही क्लॅरिनेट कुणाची. सोबत्यानं लगेच माझ्याकडं हात केला. ते माझ्याजवळ आले, पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "पाव्हणं, लय गोड वाजवता. आमच्या पोराचं लगीन हाय, तुमीच याया पायजे."

मी सोबत्याकडं बघितलं. तो पानाला चुना लावण्यात गुंतला होता. व्याह्यांना काय सांगायचं? की मी वाजवत नाही? मग हे काय होतं? की वाजवतो? मग मांडवात मी तोंडाला काय लावून उभा राहणार? कवळी जिभेनं सावरत मी म्हटलं, तारीख बघून कळवतो.

त्यांचा दोनदा फोन येऊन गेला. दोन्ही वेळा बायकोनं उचलला आणि मी शेतावर गेलोय म्हणून सांगितलं. आता मीच उचलणार आहे, पण उचलून काय म्हणायचं ते अजून ठरत नाही.