हार घातलेला राष्ट्राध्यक्ष

उमरग्याला उतरले तर माकणीची एसटी नुकतीच निघून गेलेली. मग जीपमध्ये अंग चोरून बसले. मी पुण्यात इतिहास शिकवते. अमेरिकेच्या इतिहासातल्या अडगळीत पडलेल्या माणसांवर गावोगावच्या शाळांत तासही घेते. लांबून माकणीच्या निम्न तेरणा धरणाचं पाणी दिसलं तेव्हा कुठं जिवात जीव आला.

शाळेत पाऊल टाकताच तो जीव पुन्हा उडाला. टेबलावर अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाची फ्रेम, तिला झेंडूचा हार, पुढं उदबत्ती! भाषणाआधी प्रतिमापूजन हवंच. माझी गोष्ट मात्र त्याच्याच घरातून पळालेल्या गुलाम मुलीची होती, आणि फोनवर मी विषय 'पहिल्या राष्ट्राध्यक्षांचं घर' एवढाच कळवला होता.

"सर, मी यांचं फारसं चांगलं सांगणार नाहीये," मी मुख्याध्यापक जाधव सरांच्या कानात पुटपुटले.

सरांचा चेहरा उतरला. "आता वं? सरपंचबाईंनी सोता हार घातलाय. रागावल्या तर तुमचा इथला पहिला तास शेवटचाच म्हणायचा."

सरपंच मुक्ताबाई पुढंच बसल्या होत्या. तरी मी त्या मुलीची गोष्ट सांगितलीच. मालकाच्या घरचे जेवायला बसलेले असताना ती मुलगी निघून गेली. त्यानं मागावर माणसं धाडली, पण ती परतली नाही. गरिबीत जगली, कायद्यानं शेवटपर्यंत गुलामच.

वर्गातली एक मुलगी उठली. "मॅडम, तिचा फोटो कुठंय?"

"कुणी काढलाच नाही गं."

"मग सुपारी मांडा की. मूर्ती नसली की आमच्या घरी सुपारीच मांडत्यात."

मी सरांकडं पाहिलं, सरांनी मुक्ताबाईंकडं. त्यांनी कमरेच्या चंचीतून (पानसुपारीच्या पिशवीतून) अख्खी सुपारी काढली. "मांडा. लई धीराची बाय हुती." सरांनी फ्रेम बाजूला सरकवून तांदळावर सुपारी ठेवली. मला इतकं हायसं वाटलं की हसूच फुटलं.

जेवायला धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या तिखट पोळ्या) आणि दही होतं. मुक्ताबाईंनी मला आग्रहानं वाढलं आणि मध्येच थांबल्या.

"घरचे जेवत हुते म्हणता. मग ती पोर उपाशीच गेली का वं?"

इतकी वर्षं ही गोष्ट सांगतेय; हे मला कुणी विचारलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं.

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. तास निभावला होता, पुढचं बोलावणंही हातात होतं. मी निवांत डोळे मिटले आणि मनापासून वाटलं, निघताना त्या पोरीनं दोन घास खाल्लेले असू देत.