आंब्याच्या खोलीतली फुलं

आमच्या आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्या वर्षी एकच गोष्ट हवी होती. लोणीत आमच्या वस्तीवर नवीन विहार बांधून झाला होता, बुद्धपौर्णिमेला मूर्ती बसायची होती, आणि तिच्यापुढं पहिली फुलं आत्यांना स्वतःच्या हातानं वाहायची होती. लहानपणी, दीक्षेच्या आधी, त्या देवळाच्या पायरीशी फुलं ठेवून मागं सरायच्या. उचलून आत नेणारे हात दुसऱ्यांचे.

माझा धाकटा भाऊ तेव्हा जुन्नरकडच्या एका पॉलिहाऊसमध्ये कामाला होता. आदल्या दिवशी तो मोटरसायकलवरून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली पांढरी कार्नेशन देऊन गेला. झालरीच्या फ्रॉकसारखी फुलं. आता ती सकाळपर्यंत ताजी ठेवायची जबाबदारी माझी. मला काय, मी माहेरपणाला गेले असताना जुन्नरात पुष्परचनेचा वर्ग केलेला. तेवढ्यावर मी स्वतःला फुलांची डॉक्टरीण समजत असे. पाण्याखाली देठ तिरके कापले, खालची पानं काढली, बादलीत चिमूटभर साखर घातली, लिंबू पिळलं. बाळंतिणीचीसुद्धा एवढी बडदास्त मी कधी ठेवली नसेल.

आत्या म्हणाल्या, पडवीत माठाशेजारी ठेव, तिथं वारा खेळतो. मी त्यांना थंडाव्यावर एक व्याख्यान दिलं आणि बादली मागच्या अंधाऱ्या खोलीत नेली. त्याच खोलीत पेंढ्यात आंब्यांची अढी घातली होती. आत्यांनी चार फुलं तेवढी उपसून तांब्यात घातली आणि माठापाशी नेऊन ठेवली.

सकाळी दार उघडलं, तर सगळी फुलं मिटलेली. देठ ताठ, पानं हिरवी, पाणी भरपूर. पाकळ्या मात्र आत वळलेल्या, डोळे मिटून घ्यावेत तशा. मी देठ पुन्हा कापले, पाणी शिंपडलं. ‘उठा की गं’ असंही म्हणाले असेन. ऐकायला कुणी नव्हतं ते बरं. आणि पडवीत तांब्यातली चार आदल्या दिवसापेक्षा जास्त फुललेली.

कार्यक्रमाला म्हणून भाऊ आला. खोलीचं दार लोटलं, वास घेतला आणि हसायलाच लागला.

“आक्के, आमाला प्याकिंगच्या शेडमधी डब्यात केळंसुद्धा नेऊ देत न्हाईत. पिकणारं फळ हवेत कायतरी सोडतं. त्यानं फूल म्हातारं व्हतं.”

असं कुठं असतं का, म्हणत मी अढीत हात घातला. पेंढ्याच्या आत ऊब होती. झोपलेल्या लेकराच्या पांघरुणात असते तशी. ज्या खोलीला मी थंड थंड म्हणून मिरवत होते, तिच्या कोपऱ्यात आंबे अंधारात तापत होते, श्वास टाकत होते. जे कैरीला गोड करत होतं, त्यानंच शेजारच्या फुलांना म्हातारं केलं होतं. आवाज नाही, डाग नाही, कुणाला विचारणं नाही. इतकी वर्षं मी त्या खोलीतून आंबे काढून खाल्ले, पण तिथं काय चाललंय याचा मला पत्ताच नव्हता. माझी साखर, माझं लिंबू! मला हसू येईना, आणि हातही बाहेर काढवेना.

आत्यांना म्हटलं, तांब्यातली चार तुम्ही न्या, ही शेळीपुढं टाकते. त्यांनी मिटलेलं एक फूल उचलून उजेडात धरलं.

“वंदनेत आपण काय म्हणतो गं? फूल कोमेजतं तसा ह्यो देह जाणार. यांनी आधीच म्हणून ठिवलंय.” मिटलेली सगळी फुलं त्यांनी पदरात घेतली. “ताजी तू घे. तुझं वय हाय अजून.”

विहारात पांढऱ्या लुगड्यातल्या आत्या सगळ्यांच्या पुढं गेल्या. मूर्तीपुढं पहिली फुलं पडली ती मिटलेलीच, आत्यांच्या हातची. त्यांच्या बाजूला माझी चार. वंदना मी वर्षानुवर्षं पाढ्यासारखी घडाघडा म्हणत आले होते. त्या दिवशी कोमेजण्याच्या ओळीवर जीभ आपोआप सावकाश झाली. पाकळ्यांवर आत्यांचा हात होता, आणि वरून खालपर्यंत सुरकुत्याच सुरकुत्या. हाताच्या कुठं संपतात, पाकळ्यांच्या कुठं सुरू होतात, मला दिसेना.

वंदना संपली. मी दंडाला धरून त्यांना उठवायला गेले.

“बसू दे गं,” मूर्तीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. “एवढ्या जवळनं कधी बघितलंय?”

मागं बायका फुलं घेऊन ताटकळल्या होत्या. तरी मीही त्यांच्याशेजारी बसून राहिले.