कार्डिफच्या ट्रेनमधल्या आजी

सिंगापूर फिरून मी आणि माझी मैत्रीण मुक्ता कार्डिफला परतत होतो. विमानतळावरून घेतलेल्या ट्रेनमध्ये मोबाईलवर सहलीचे फोटो बघत होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या सिंगापूरमधल्या दफनभूमीचा फोटो आला, तसं शेजारच्या गोऱ्या आजींनी विणकाम मांडीवर ठेवलं.

“माझे वडील आहेत तिथे. ते गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते. मला कधी जायला जमलं नाही.”

मुक्ताने मोबाईल त्यांच्या हातात दिला. दोन बोटांनी फोटो मोठा करून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“गवत छान राखलंय,” त्या म्हणाल्या. “थांबलात का तिथे थोडा वेळ?”

“हो, झाडाखाली बसलो होतो,” मी म्हणाले.

“थँक यू. तेवढीच त्यांना सोबत झाली.”

उन्हाने दमून बसलो होतो, हे आम्ही दोघींनीही त्यांना सांगितलं नाही.